उभ्या गाडीच्या टायरना खोळ: फिरत्या घराची चाकं उन्हापासून जपायची कशी

तवंदी घाट उतरून निपाणीच्या अलीकडे आलो आणि मागचं डावं, बाहेरच्या बाजूचं टायर फुटलं. २०२३ चा एप्रिल, दुपारचे अडीच वाजलेले. मागे जोडचाकं असल्यामुळे गाडी हेलकावली पण कलंडली नाही. आत बायको, दोन मुलं आणि गॅसचा सिलिंडर. मदतीला आलेल्या पंक्चरवाल्यानं फाटलेल्या रबरावरून अंगठा फिरवला आणि मला जवळ बोलावलं. नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. बाजूला मात्र आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगाच भेगा, नख घातलं तर अडकेल एवढ्या. तो म्हणाला, "साहेब, हे टायर पळून गेलेलं नाही. उभं राहून गेलंय."

आमची गाडी म्हणजे सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतलेलं फिरतं घर. वर्षातले पंधरा-वीस दिवस आम्ही बाहेर, बाकीचं वर्षभर ती बेळगावात अनगोळला मोकळ्या प्लॉटवर उन्हात. टायर कमी झिजतंय याचा मला आनंद होता. फिरत्या घराच्या टायरचा शेवट झिजून होत नाही, वयानं आणि उन्हानं होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अलीकडे बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मंडळी अशा गाड्या करून घेत आहेत. त्यांच्यासाठी मी आता जे करतो ते सगळं क्रमानं लिहितो.

आधी कारण समजून घ्या

रबराला मारणाऱ्या गोष्टी तीन: उन्हातली अतिनील किरणं, हवेतला ओझोन आणि उष्णता. टायर काळं असतं ते त्यात मिसळलेल्या कार्बन ब्लॅकमुळे. ती काजळी टायरला बळ देते आणि अतिनील किरणं स्वतः शोषून रबराला वाचवते. ओझोनसाठी कंपन्या रबरात मेण आणि काही रसायनं घालतात. गाडी पळते तेव्हा टायर दबतं, सुटतं, पुन्हा दबतं, आणि त्या हालचालीनं हे मेण आतून पृष्ठभागावर येत राहतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ही हालचाल थांबते. वरचा थर उडून जातो, आतून नवा येत नाही. म्हणून रोज प्रवासी भरून धावणाऱ्या वडाप जीपच्या टायरला भेगा कमी आणि आपल्या जपून ठेवलेल्या गाडीच्या टायरला जास्त, असं उलटं दिसतं.

ओझोनची चीर ताणलेल्या रबरावर आधी पडते. उभ्या गाडीत हा ताण जमिनीलगत, टायर जिथं फुगून बाहेर येतं तिथं असतो. भेगा शोधायच्या तर तिथं शोधा. उष्णतेबद्दल एक ढोबळ हिशोब आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की रबर जुनं होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

आपल्याकडे एक गैरसमज फार पक्का आहे. "बेळगावची हवा थंड, इथं कुठलं ऊन लागतंय टायरला?" हे मी स्वतः म्हणत होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे. उंचावर हवा थंड वाटते, पण अतिनील किरणं अडवायला वरची हवाही कमी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ स्वच्छ, वारा गार, आणि टायर मात्र दिवसभर भाजतंय. अथणी, रायबाग, चिकोडीच्या बाजूला तर यात खरी उष्णतेचीही भर.

पहिली पायरी: टायरचं वय वाचा

खोळ शिवायला धावण्याआधी, टायर खोळ घालण्याच्या लायकीचं आहे का ते बघा. टायरच्या बाजूला इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे लंबगोल चौकटीत असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या फुटलेल्या टायरवर ११ १४ होतं, म्हणजे २०१४ सालचा अकरावा आठवडा. नऊ वर्षांचं टायर घेऊन मी घाट उतरत होतो. गाडी विकणाऱ्यानं "टायर एकदम चांगले आहेत" म्हणून सांगितलं, मी नक्षी बघून मान डोलावली.

हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू नेमकी आत बसवलेली असते. बॅटरी घेऊन गाडीखाली वाका, पण आकडे वाचल्याशिवाय उठू नका. जोडचाकातलं आतलं टायर आणि मागे टांगलेली स्टेपनी, दोन्ही वाचा. स्टेपनी कधीच पळत नाही, तरी म्हातारी होते.

पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावं आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाकावं, असं बऱ्याच टायर कंपन्याच सांगतात. मी स्वतः सात वर्षांवर जात नाही, कारण गाडीत मुलं असतात. भेगांचं म्हणाल तर केसासारख्या, वरवरच्या असतील तर लक्ष ठेवून वापरता येतात. दीड मिलिमीटरहून खोल गेल्या, आतला दोरा दिसला, किंवा कुठं फुगा आला, तर ते टायर त्याच दिवशी बाद. खोळ भेग भरून काढत नाही, नवी भेग लांबवते एवढंच.

दुसरी पायरी: वजन आणि हवा

फिरत्या घराचं वजन मूळ गाडीपेक्षा वेगळं असतं. पलंग, ओटा, बॅटऱ्या, शिवाय शंभर लिटर पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो. आपल्या भागात वजनकाट्यांची कमतरता नाही, उसाच्या पट्ट्यात तर गावोगाव आहेत. गाडी पूर्ण भरून, माणसं बसवून न्या आणि पुढचा एक्सल वेगळा, मागचा वेगळा असं वजन करून घ्या. त्यावरून किती हवा हवी ते कंपनीच्या तक्त्यात बघता येतं.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप. साधारण ६५ पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी वाढलं तर हवा अडीच पीएसआयनं वाढते. दुपारी वाढलेला आकडा बघून हवा सोडायची चूक करू नका. रात्री टायर थंड झालं की ती हवा कमी पडते, आणि कमी हवेचं टायर पळताना जास्त वाकतं, जास्त तापतं. रस्त्यावर फुटणाऱ्या टायरमागे हे एक मोठं कारण आहे. त्यावर खोळीचा काही उपाय नाही. गाडी दोन-तीन महिने उभी करणार असाल तर हवा पूर्ण भरून ठेवा, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत.

तिसरी पायरी: धुणं

खोळीच्या आत माती, शेण, डिझेल कोंडून ठेवायचं नाही. साधा साबण, पाणी, मऊ ब्रश, आणि उन्हात नव्हे, सावलीत वाळवणं, एवढं पुरे. खंडेनवमीला गाडी पूजेसाठी धुताना टायर चकाकावं म्हणून त्यावर डिझेल किंवा जुनं ऑइल पुसायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. मनापासून सांगतो, ती बंद करा. पेट्रोलियम पदार्थ रबरातलं तेच राखणारं मेण धुऊन नेतात आणि रबर मऊ करून सोडतात. बाजारातली चकचकीत टायर पॉलिशही बरीचशी त्याच जातीची असतात. हळद-कुंकू लावा, चाकाखाली लिंबू ठेवा, टायर काळंभोर दिसलं नाही तरी चालेल.

चौथी पायरी: गाडी उभी कुठं आणि कशी

ही फुकटातली पायरी आहे, म्हणून लोक ती सोडतात. मार्च ते मे गाडीचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवा. म्हणजे टायरच्या बाजू उत्तर-दक्षिणेला येतात आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन त्यांच्यावर सरळ पडत नाही. दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, तेव्हा चाकाच्या कमानीची सावली टायरवर येते. हिवाळ्यात मात्र उलटं. नोव्हेंबर ते जानेवारी सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे दक्षिणेकडच्या टायरला दिवसभर ऊन. घराच्या दक्षिणेच्या भिंतीचा रंग आधी उडतो ते याचमुळे. दोनच खोळी असतील तर हिवाळ्यात त्या दक्षिणेच्या बाजूला घाला.

चाकाखाली फळी ठेवा. डांबर उन्हात मऊ होतं, त्यातलं तेल रबराला लागतं. काँक्रीट आणि मातीतली ओल वेगळी. फळी दीड इंच जाड हवी आणि टायरचा जमिनीवरचा पूर्ण ठसा तिच्यावर बसेल एवढी मोठी. अर्धं टायर फळीवर आणि अर्धं लोंबकळत असलं तर आतले दोरे एका रेषेत दबून दुखावतात. जोडचाकाखाली दोन्ही टायर एकाच फळीवर येऊ द्या. गाडी फळीवर चढवल्यावर हँडब्रेक ओढा आणि चाकांना दगड लावायला विसरू नका.

शेजारी वेल्डिंगचं दुकान किंवा सतत चालणारी मोठी मोटर असेल तर जागा बदला. वेल्डिंगच्या ठिणगीतून आणि मोटरच्या ब्रशमधल्या ठिणग्यांतूनही ओझोन तयार होतो. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या भागात शेडजवळ गाडी लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पाचवी पायरी: खोळ शिवून घेणं

तयार खोळी मिळतात, पण त्या मापात बसतीलच असं नाही. सीट कव्हर आणि हुड शिवणाऱ्या कुशनवाल्याकडून शिवून घेणं मला बरं वाटतं. आमच्या शिलाईवाल्या मामांना टायरची खोळ म्हणजे काय ते आधी कळेना. मी वहीत चित्र काढलं, मग ते स्वतः टेप घेऊन गाडीपाशी आले.

कापड कुठलं? पांढरं किंवा अगदी फिकट. काळी खोळ अतिनील किरणं अडवेल, पण स्वतः तापून टायरलाही तापवेल. ट्रकच्या हुडाला वापरतात तसं जाड, प्लास्टिकचा थर दिलेलं कापड चांगलं टिकतं. जाड कॅनव्हासही चालतं, ते श्वास घेतं, मात्र पावसात भिजून जड होतं. निळी-पिवळी स्वस्त ताडपत्री घेऊ नका. ऊन तिलाच खातं, वर्ष-दीड वर्षात तिचे तुकडे पडू लागतात आणि तिचे धागे चाकाच्या नटात अडकतात. नर्सरीच्या शेडनेटबद्दल मला विचारतात. नेट हवा खेळवतं हा त्याचा गुण खरा, पण ऊन पूर्ण अडवत नाही. दुहेरी घालून काहीच नसण्यापेक्षा बरं.

माप असं. माझ्या टायरचा व्यास साधारण ३१ इंच. समोरचा गोल तयार होऊन ३२ इंचाचा हवा, म्हणून कापताना ३४ इंचाचा. त्या गोलाचा खालचा तुकडा सरळ कापायचा, खोळ जमिनीपासून दीड-दोन इंच वर राहील असा. कड जमिनीला टेकली की ती पाणी ओढून घेते आणि वाळवीलाही वाट मिळते. गोलाच्या कडेनं पट्टी लावायची. पूर्ण घेर शंभर इंच, त्यातले खालचे चौदा सोडले की पट्टी राहते ८६ इंच लांब. रुंदीवरून मामांचं आणि माझं जरा बोलणं झालं.

"टायर सात इंच आहे, आठ धरूया की."

"मामा, पट्टी टायरच्या मागं वळली पाहिजे. दहा धरा, आणि दुमड वेगळी."

त्यांनी दहा धरली, मागच्या कडेला दुमडीत जाड इलॅस्टिक ओवलं. शिवाय स्वतःच्या डोक्यानं एक गोष्ट केली: खालच्या दोन टोकांना पट्टा आणि बक्कल लावलं, ते चाकामागून ओढून बांधता येतं. एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा सुटतो तेव्हा नुसत्या इलॅस्टिकची खोळ शेजारच्या कंपाउंडात जाऊन पडते. आमच्या त्या बक्कलामुळे दोन उन्हाळे एकही उडाली नाही. चार खोळींना ५४ इंच पन्ह्याचं कापड साडेपाच ते सहा मीटर लागलं. शिलाई नायलॉन नव्हे, पॉलिस्टरच्या दोऱ्यानं घालायला सांगा. उन्हात नायलॉन लवकर कुजतो. धातूची रिंग किंवा हुक टायरला घासेल अशा जागी येऊ देऊ नका.

मागच्या चाकाची कमान खाली उतरलेली असेल तर गोल खोळ वरून चढतच नाही. तिथं पडदा शिवा: कमानीच्या कडेला चिटबटणं किंवा आत रबर लावलेले लोहचुंबक, तिथून सरळ खाली सोडलेलं कापड, खालच्या दुमडीत वजनाला साखळीचा तुकडा. जोडचाकातलं आतलं टायर सावलीतच असतं, त्याला वेगळी खोळ लागत नाही. स्टेपनीची खोळ मात्र पूर्ण गोल शिवा.

गाडीवर घालायच्या मोठ्या कव्हरवर विसंबू नका. ती बहुतेक चाकाच्या अर्ध्यावर संपतात, आणि ऊन पोचतं ते खालच्या अर्ध्यावर.

सहावी पायरी: घालणं, काढणं, फिरवणं

प्रवासाहून आल्या आल्या खोळ चढवू नका. टायर आणि ब्रेक तापलेले असतात, दोन-तीन तास निवू द्या. खोळ घातली की एक लाल फडकं स्टिअरिंगला बांधा. आमच्या ओळखीत एकानं खोळी न काढता गाडी हलवली. कापड ब्रेकच्या ड्रममध्ये गुंडाळलं गेलं आणि ब्रेकची नळी ओढली गेली. गल्लीतल्या गल्लीत झालं म्हणून निभावलं.

काढताना हात आत घालण्याआधी काठीनं खोळ हलवा. खानापूर, जांबोटीकडे किंवा शेतात गाडी लावणाऱ्यांनी तर नक्कीच. सावली, ऊब आणि आडोसा मिळाल्यावर उंदीर येतो, उंदरामागून साप येतो. विंचू मी स्वतः दोनदा झटकलाय.

खोळ आहे म्हणून गाडी विसरू नका. मी पंधरवड्यातून एकदा गाडी फूटभर पुढे-मागे करतो, म्हणजे टायर एकाच जागी चपटं होत नाही. महिन्यातून एकदा खोळी काढून राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो, टायर हाताला कोमट लागेपर्यंत. आतलं मेण वर यायला ही फेरी लागतेच, त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

ट्रॉलीवाल्यांसाठी दोन शब्द

हे सगळं ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीलाही लागू आहे, थोडं जास्तच. गळीत हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत संपतो आणि ट्रॉली नेमकी कडक उन्हाचे महिने बांधावर उभी राहते. चार खोळी शिवणं परवडत नसेल तर कोरडं गोणपाट टायरवर दुहेरी टाकून सुतळीनं बांधा. आमचे आजोबा डनलॉप गाडीच्या, म्हणजे रबरी टायरच्या बैलगाडीच्या, चाकांवर गोणपाट टाकत, ते अगदी बरोबर करत होते. फक्त ते ओलं ठेवू नका, ओलीनं रिम गंजते. आणि रिकामी ट्रॉली आहे म्हणून हवा कमी ठेवू नका.

पावसाळा

बेळगाव, खानापूर पट्ट्यात मृगाचा पाऊस स्थिरावला की मी खोळी काढतो. ऊन नसतं आणि आत ओल कोंडून नट, ड्रम गंजतात. अथणीसारख्या कमी पावसाच्या भागात पावसाळ्यातही पुष्कळ दिवस कडक ऊन असतं. तिथं काढायची गरज नाही, आठवड्यातून एकदा उघडून वारा लागू द्या. काढलेल्या खोळी साबणानं धुऊन, पूर्ण वाळवून, आतल्या बाजूला मार्करनं "पुढची डावी", "मागची उजवी" असं लिहून ठेवा, कारण वापरून वापरून प्रत्येकीला तिच्या चाकाचा आकार येतो. त्या पुन्हा चढवायच्या खंडेनवमीला. पूजेसाठी गाडी तशीही धुतलेली असते, आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू झालेलं असतं. त्याच्या थोडं आधीच शिलाई एकदा ओढून बघा. दोरा सुटलेला असेल तर मामांकडे दसऱ्याच्या गर्दीआधी टाका.